पित्ताशयातला खडा: केवढा नव्हे, कुठे?

सोनोग्राफीचा अहवाल हाती पडतो. तपासणी भलत्याच कारणासाठी केलेली असते. कोणाला गर्भाशयाची गाठ पाहायची असते, कोणाला नोकरीसाठी वैद्यकीय दाखला हवा असतो. पोटात कधी दुखलेलेही नसते. तरी अहवालाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक अगडबंब शब्द असतो: कोलेलिथियासिस. म्हणजे पित्ताशयात खडा, ८ मिलिमीटरचा.

घरी येईपर्यंत प्रश्नांची रांग लागते. ‘मला आधीपासूनच पित्ताचा त्रास आहे, त्यानेच झाला असेल का?’ ‘भरपूर पाणी प्यायलं तर पडून जाईल ना?’ आणि सगळ्यांत मोठी धास्ती ही: ‘शेजारच्या काकूंचा खडा तर ३ मिलिमीटरचाच होता, तरी त्यांना आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. माझा तर ८ चा आहे!’

काकूंच्या छोट्या खड्याने एवढा घोळ का घातला, हे समजले की पित्तखड्यांचे बहुतेक सगळे समजले. पण तिथे पोचायला आधी ‘पित्त’ या शब्दाचा गुंता सोडवावा लागेल.

१. कोणते पित्त?

मराठीत आपण ‘पित्त’ हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. छातीत जळजळले, आंबट ढेकर आले की ‘पित्त झालंय’. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटली की ‘पित्त उठलंय’, मग आमसुलाचे पाणी. आयुर्वेदात वात आणि कफाबरोबरचे पित्त, ती आणखी वेगळी संकल्पना. या तिन्हींचा पित्तखड्याशी थेट संबंध नाही. आंबट ढेकर हे जठरातल्या आम्लाचे काम. गांधी उठतात त्या बहुतेक वेळा त्वचेतल्या हिस्टामीन नावाच्या द्रव्यामुळे.

खडे होतात ते यकृतात तयार होणाऱ्या पित्तात. ओळखायला सोपी खूण चवीची. उलटीत आंबट पाणी येते ते जठरातले आम्ल. पोट रिकामे झाल्यावरही उलट्या होत राहिल्या की शेवटी हिरवट-पिवळे, कडू जहर पाणी येते, ते यकृताचे पित्त. घरी कोंबडी साफ करणाऱ्यांना हे सांगायला नको. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी अलगद कापून काढावी लागते, ती फुटली तर मांस कडू होते. तीच पिशवी आपल्या पोटातही असते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. अ‍ॅसिडिटी असणाऱ्याला त्यामुळे पित्तखडे होत नाहीत, आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळीने ते जातही नाहीत.

२. ही पिशवी कशासाठी?

उजव्या बरगड्यांखाली यकृत, आणि त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले पेरूच्या किंवा नासपतीच्या आकाराचे पित्ताशय. लांबी ७ ते १० सेंटिमीटर. आत मावते ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कटिंग चहाइतके.

पित्ताचे मुख्य काम चरबी पचवायला मदत करणे. तुपाचे हात नुसत्या पाण्याने धुऊन पाहा, तूप हलत नाही. साबण लावला की त्याचे बारीक बारीक थेंब होऊन ते निघून जाते. पित्तातले क्षार आतड्यात हेच साबणाचे काम करतात. चरबीचे बारीक थेंब झाले की पाचक रसांना तिच्यापर्यंत पोचता येते.

आता अडचण अशी, की यकृत पित्त चोवीस तास करत असते आणि आपण चोवीस तास जेवत नाही. दिवसाला साधारण ५०० ते १००० मिलिलिटर पित्त तयार होते. सोयीसाठी ७२० धरू. म्हणजे ताशी ३० मिलिलिटर. रात्री नऊ ते सकाळी सात या दहा तासांत झाले ३००. त्यातले निम्मे जरी पिशवीकडे वळले तरी १५० होतात, आणि पिशवी ५० ची! मग ते मावते कसे? पित्ताशय त्यातले पाणी शोषून घेते. बासुंदी करताना दूध आटवावे तसे पित्त आटवले जाते. मूळच्या पाचपट, दहापट दाट होते.

सकाळी तूप लावलेला पराठा खाल्ला की त्यातली चरबी लहान आतड्यात पोचते. आतडे रक्तात एक संप्रेरक सोडते, कोलेसिस्टोकायनिन त्याचे नाव. हा निरोप मिळताच पित्ताशय आवळते आणि साठवलेले दाट पित्त नळीवाटे आतड्यात ओतते. सगळे सुरळीत असेल तर आपल्याला याचा पत्ताही लागत नाही.

३. खडीसाखर आणि पित्तखडा

खडीसाखर कशी करतात? साखरेचा घट्ट पाक करायचा, त्यात दोरा सोडायचा आणि भांडे न हलवता ठेवून द्यायचे. काही दिवसांत दोऱ्याभोवती खडे जमतात. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: पाकात विरघळेल त्याहून जास्त साखर, जमायला दोरा, आणि स्थिरता.

पित्तखड्याचेही तसेच. इथे साखरेच्या जागी असते कोलेस्टेरॉल. यकृत शरीरातले जादा कोलेस्टेरॉल पित्तातून बाहेर टाकते. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, पित्तातले क्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. धरून ठेवण्याच्या त्यांच्या ताकदीपेक्षा कोलेस्टेरॉल जास्त झाले की बारीक स्फटिक सुटू लागतात. ही पहिली अट. पित्ताशयाच्या अस्तरातून पाझरणारा चिकट बुळबुळीत स्राव दोऱ्याचे काम करतो. ही दुसरी. आणि पित्ताशय नीट आवळून रिकामे होत नसेल तर पित्त तसेच तुंबून राहते, ही तिसरी. तिन्ही जुळल्या की महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे थरावर थर चढत खडा वाढतो.

गंमत म्हणजे कोलेस्टेरॉल हे नावच पित्तखड्यांतून आले आहे. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१५ च्या सुमारास पित्तखड्यांतल्या या पदार्थाला ‘कोलेस्टेरिन’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘कोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरिऑस’ म्हणजे घट्ट. आज आपण हृदयाच्या काळजीने ज्याचे आकडे मोजतो, त्याचे नाव ‘घट्ट झालेले पित्त’! मात्र रक्तातले कोलेस्टेरॉल नॉर्मल असले म्हणजे खडे होणार नाहीत, असे नाही. इथे प्रश्न पित्तातल्या प्रमाणाचा असतो.

सगळे खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. पित्ताला रंग देणारे बिलिरुबिन हे जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर तयार होते. तांबडी पेशी एरवी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल आजारात ती अवघे १० ते २० दिवस टिकते. पेशी जास्त मोडतात, बिलिरुबिन जास्त होते आणि त्याचे काळे, ठिसूळ खडे बनतात. म्हणून गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या, सिकलसेल असलेल्या भागांत शाळकरी मुलाच्या पोटातही खडे सापडतात. तिथे आहाराला बोल लावण्यात अर्थ नसतो.

४. कोणाला होतात?

पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त, साधारण दुप्पट ते तिप्पट. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढते. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावते. पाक घट्ट आणि भांडे स्थिर, दोन अटी एकदम पुऱ्या. वय, लठ्ठपणा, मधुमेह आणि आई-वडिलांकडून आलेली प्रवृत्ती हीही कारणे आहेतच.

एक कारण मात्र अनेकांना अनपेक्षित वाटते: झपाट्याने वजन उतरवणे. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन घटू लागले की शरीरातली चरबी वितळून यकृताकडे कोलेस्टेरॉलचा लोंढा येतो, आणि खाणेच नसल्याने पित्ताशयाला आवळण्याचा निरोपही मिळत नाही. लग्नाआधी दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. एखाद्या एकादशीने खडा होत नाही, पण आठवडेच्या आठवडे नुसत्या काकडीवर काढणे पित्ताशयाला मानवत नाही.

५. खड्याचे चार मुक्काम

आता काकूंच्या खड्याकडे वळू. पित्ताशयापासून आतड्यापर्यंतची वाट डोळ्यांसमोर आणा. पिशवीची निमुळती मान, तिच्यातून निघणारी बारीक नळी, ती यकृताकडून येणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते, आणि ही नलिका आतड्यात उघडण्याच्या अगदी तोंडाशी स्वादुपिंडाची नळी तिला येऊन मिळते. या वाटेवर खडा चार ठिकाणी मुक्काम करू शकतो.

पहिला मुक्काम, पिशवीच्या तळाशी. इथे खडा नुसता पडून असतो. दुखत नाही, खुपत नाही. असे निमूट खडे असलेल्या १०० जणांकडे पाहिले तर वर्षाला साधारण दोघांना त्रास सुरू होतो. बाकीच्यांचे आयुष्य पुढे चालू राहते, आणि त्यांतल्या बहुतेकांना खडा कधीच छळत नाही.

दुसरा मुक्काम, पिशवीच्या मानेशी. लग्नाचे जेवण झाले, रात्री एकच्या सुमारास जाग आली. बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली दाबून धरल्यासारखे दुखते आहे. मुरडा येतो-जातो, हे दुखणे तसे नाही. चढते आणि तसेच राहते. कुशीवर वळले, उठून बसले, फेऱ्या मारल्या, ओवा खाल्ला, सोडा प्यायला, फरक नाही. दुखणे पाठीत, उजव्या खवाट्यात, कधी खांद्यापर्यंत जाते. मळमळते, घाम येतो. अर्ध्या तासाने किंवा तीन-चार तासांनी, आले तसे निघूनही जाते. सकाळी आपण म्हणतो, गॅस झाला होता.

झालेले असते ते असे: मेजवानीतल्या तुपाने निरोप धाडला, पिशवी आवळली, आणि तोंडाशी आलेल्या खड्याने बूच मारले. बंद तोंडावर पिशवी जोर लावत राहिली. खडा मागे सरकला की दुखणे थांबले. पोटातले दुखणे खांद्यात का? पित्ताशय आणि त्यावरचे श्वासपटल यांच्या संवेदना मज्जारज्जूत जिथे शिरतात, तिथेच खवाट्याच्या आणि खांद्याच्या संवेदनाही येतात. दोन घरांना एकच घंटा असावी आणि वाजवणारा कोणत्या दारात उभा आहे ते कळू नये, तशी मेंदूची फसगत होते. मात्र वरच्या पोटात दुखणे आणि घाम हे हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. घरी बसून निवाडा करू नये, ईसीजी काढावा.

खडा मानेतच रुतून बसला तर पिशवीला सूज येते. दुखणे सहा तासांनंतरही थांबत नाही, ताप येतो. डॉक्टर उजव्या बरगडीखाली हात दाबून धरतात आणि ‘खोल श्वास घ्या’ म्हणतात. श्वासाबरोबर सुजलेली पिशवी खाली सरकून त्या हाताला टेकते, आणि रुग्णाचा श्वास मध्येच अडकतो. शिकागोचे शल्यविशारद जॉन मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितलेली ही साधी खूण आजही डॉक्टर वापरतात.

तिसरा मुक्काम, मुख्य पित्तनलिका. इथे अडथळा आला की सगळ्या यकृताचा निचरा तुंबतो. पित्त रक्तात उतरते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. शौचाला नेहमीचा रंग पित्तामुळेच येतो, तो जाऊन शौच मातकट पांढरे होते. या तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले तर हुडहुडी भरून ताप येतो. दुखणे, कावीळ आणि थंडीताप हे तिन्ही एकत्र दिसले तर प्रश्न तासांचा असतो.

चौथा मुक्काम, नलिकेचे अगदी शेवटचे तोंड. इथे अडकलेला खडा स्वादुपिंडाची वाटही अडवू शकतो. मग स्वादुपिंडाला सूज येते, आतले पाचक रस त्याच अवयवाला जाळू लागतात. स्वादुपिंडाला अचानक सूज येण्याची दोन मोठी कारणे आहेत, दारू आणि पित्तखडे. दारूचा थेंबही न घेणाऱ्या काकूंना हा आजार झाला तो असा.

आता कोडे सुटले. पिशवीतून बाहेर पडणारी नळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद. तिच्यातून निसटून पुढचा उपद्व्याप करायला बारीक खडाच हवा. दोन सेंटिमीटरचा धोंडा पिशवीतच राहतो. ३ मिलिमीटरची कणी निसटून थेट चौथ्या मुक्कामाला पोचते.

६. पाणी, कुळीथ आणि ऑलिव्ह तेल

‘पाण्याने पडेल का?’ हा प्रश्न मुतखड्याच्या अनुभवातून येतो. मुतखडा मूत्रमार्गात असतो. प्यायलेल्या पाण्याची लघवी होते, ती त्याच वाटेने वाहते आणि बारीक खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताशयात पाण्याची अशी वाट नाही. तुम्ही चार लिटर पाणी प्यायलात तरी ते खड्याला धुवायला तिथे जात नाही. म्हणून मुतखड्यासाठी घरोघरी सांगितले जाणारे कुळथाचे कढण किंवा पानफुटीची पाने पित्तखड्यावर चालवण्यात हशील नाही. शिवाय इथे खडा ‘पडणे’ म्हणजे काय, हे आपण आत्ताच पाहिले. तो पडला तर पडतो तिसऱ्या आणि चौथ्या मुक्कामावर!

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री पिऊन सकाळी शौचातून खडे पडल्याची छायाचित्रे अनेकांनी मोबाइलवर पाहिली असतील. हिरवट, मऊ गोळे असतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली अशाच गोळ्यांच्या तपासणीचा अहवाल आला होता. त्यांत स्फटिक नव्हते, गरम करताच ते वितळले. ते तेलातल्या स्निग्धाम्लांचे, म्हणजे पोटातच तयार झालेल्या साबणाचे गोळे होते. खरा खडा जागचा हललाही नव्हता.

खडा विरघळवणारे औषध आहे, पण त्याची मर्यादा मोठी. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाची गोळी फक्त कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते, आणि विरघळलेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांना पाच वर्षांत खडे पुन्हा होतात. भांडे तेच, पाक तोच, मग दुसरे काय होणार?

७. खड्यासाठी पिशवी का काढायची?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनाही पडला होता. तेव्हा पिशवी उघडून खडे काढत आणि ती तशीच ठेवत. खडे परत येत. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी ४३ वर्षांच्या एका रुग्णाची पिशवीच काढून टाकली. त्यांचे म्हणणे सरळ होते: दोष खड्याचा नाही, खडे घडवणाऱ्या पिशवीचा आहे. पिशवीवाचून चालते का, याचे उत्तर निसर्गात होतेच. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसते.

शंभर वर्षे हे ऑपरेशन पोटावर वीतभर छेद घेऊन होत असे. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केले, तर १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईत भारतातले असे पहिले ऑपरेशन केले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, साधारण चार बारीक छिद्रांतून पिशवीची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापतात आणि पिशवी बेंबीजवळून बाहेर काढतात. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. पुढचे दोन दिवस खांदा दुखतो तो या वायूमुळे, घंटा तीच. नंतर पित्त साठत नाही, यकृतातून थेट आतड्यात ठिबकत राहते. काहींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर शौचास पातळ होते, बहुतेकांचे ते हळूहळू सुधारते. मुख्य नलिकेतला खडा मात्र या ऑपरेशनने आपोआप निघत नाही, बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून तो वेगळा काढावा लागतो.

ऑपरेशन झाल्यावर नातेवाइकांच्या हातात एक छोटी प्लास्टिकची डबी येते. तिच्यातले खडे पाहाच. अनेक असतील तर एकमेकांना घासून त्यांना सपाट कडा पडलेल्या असतात, फासे असावेत तसे. खडा मधोमध कापला तर झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसू शकतात. थरावर थर चढत गेला, त्याची ही नोंद.

८. मग माझे काय?

निमूट खडा पिशवीच्या तळाशी आहे आणि त्रास काही नाही, तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, लक्ष ठेवणे पुरते. दुखण्याचा एक जरी खरा झटका येऊन गेला असेल तर पुन्हा येण्याची शक्यता मोठी, तेव्हा पिशवी सावकाशीने, तब्येत चांगली असताना काढून घेणे शहाणपणाचे. खडा तीन सेंटिमीटरहून मोठा असेल, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल किंवा सिकलसेल असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टर ऑपरेशनचा विचार करतात. उत्तर प्रदेश-बिहारच्या गंगाकाठी पित्ताशयाचा कर्करोग जास्त दिसतो, तिथले डॉक्टर याबाबत अधिक सावध असतात. खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना मात्र कर्करोग होत नाही.

तेव्हा अहवालातल्या मिलिमीटरवर बोट ठेवून बसू नका. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: खडा कुठे आहे? आणि मुख्य नलिका फुगलेली आहे का? घरातल्या सगळ्यांना तीन गोष्टी सांगून ठेवा: सहा तासांनंतरही न थांबणारे दुखणे, पिवळे डोळे, हुडहुडी भरून येणारा ताप. यांतली एक जरी दिसली तरी सकाळ व्हायची वाट पाहू नका.